मंगळवारची हाक

बोडीटोल्यात मला खोटारडा म्हणणारे पुष्कळ आहेत. त्यातल्या निम्म्यांना पोहायला मीच शिकवलं, म्हणून मी मनावर घेत नाही. तलावातल्या मरळीनं माझा डोंगा गळाच्या दोरीनं ओढत तीन गावं पलीकडं नेला, ही गोष्ट निघाली की पोरं खिदळतात. खिदळोत. तीन गावं नसतील, दोन असतील. पण केंद्रातल्या लोखंडी अलमारीत मी जे पाहिलं, त्यात काडीची भर घातलेली नाही. भर घालायला तिथं जागाच उरली नव्हती.

केंद्र म्हणजे ग्रामसभेचं जुनं तेंदूपानाचं गोदाम. भिंतींना चुना मारला, छताला चार पंखे टांगले, आणि नागपूरच्या कुठल्याशा बंद पडलेल्या ऑफिसातले चोवीस कॉम्प्युटर टेम्पोत घालून आणले. उन्हाळ्यात अजूनही भिंतींतून पानांचा वास येतो. रंजीता पोरेटी ही केंद्राची मॅडम. मी मुखरू दिघोरे, जातीचा धिवर, म्हणजे तलावावर मासे धरणारा, वयानं बहात्तर. केंद्राचा राखणदार, झाडूवाला, चहावाला आणि वानरं हाकलणारा. वानरांचं काम सगळ्यात मोठं. एकानं खिडकीतून हात घालून माउस शेपटीसकट नेला आणि आठ दिवस पिंपळावर बसून त्याच्या उवा शोधत होता.

त्या वानराच्या भीतीनं आम्ही स्विच अलमारीत ठेवला. स्विच म्हणजे अठ्ठेचाळीस भोकांचा एक चपटा डबा. प्रत्येक कॉम्प्युटरची केबल येऊन त्यात खुपसायची, म्हणजे सगळे एकमेकांशी बोलतात. अलमारीला मागून छेद पाडून केबली आत घेतल्या, समोरून कुलूप ठोकलं. चावी माझ्या करदोड्याला.

आता रंजीताचं सांगतो, म्हणजे पुढं तिच्याकडं पाहून बोलायला मला जड का गेलं ते कळेल.

दोन वर्षांमागं तिचा भरतीचा पेपर वरोऱ्याला होता. बोडीटोल्याहून वरोरा म्हणजे पहाटे निघायचं आणि दोनदा बस बदलायची. त्या दिवशी रस्त्यात साग आडवा पडला होता. उतारूंनी मिळून तो बाजूला केला. रंजीतानंही खांदा लावला. ती पोचली तेव्हा वेळ टळून नऊ मिनिटं झाली होती आणि फाटक बंद होतं. नियम तो नियम. परतीची बस दुपारची, म्हणून ती तीन तास त्याच फाटकाबाहेर बसून राहिली. आतली पोरं पेपर देऊन बाहेर आली, तेव्हा ही उठली. गावात उतरली ती रडली नाही. खांद्याला सागाची साल खरचटलेली तशीच होती. मला म्हणाली, "मुखरूभाऊ, आता मी पेपरले जाणार नाई. पेपरच इथी आणीन."

आम्ही हसलो. जंगू हा माझा लहानपणचा दोस्त, ग्रामसभेत पुढं बसणारा. तो म्हणाला, "पोरी, पेपर काय शेळी हाये, दोरी बांधून आणाले?" तिनं दोन वर्षं गडचिरोलीच्या ऑफिसांचे उंबरे झिजवले आणि शेवटी पत्र आणलंच. गुरुवारी सकाळी अकराला साहेब येणार. चोवीसच्या चोवीस कॉम्प्युटर त्यांच्यासमोर एकसारखे चालले तर परीक्षाकेंद्र बोडीटोल्याला. एक जरी अडला, तर केंद्र दुसरीकडे, आणि आसपासच्या अकरा गावांतल्या पोरांनी पुन्हा पहाटे उठून सागाखाली खांदा द्यायचा.

सोमवारी गडचिरोलीहून सुनिल आला. कॉम्प्युटर दुरुस्त करणारा पोरगा, अठ्ठावीस-तीस वर्षांचा, पाठीवर हे मोठं दप्तर. त्यानं पहिल्यांदा चोवीस मशीनच्या मागं वाकून पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

"च्या मारी! साऱ्या मशीनची पेन ड्राइव्हची भोकं डिंकानं बुजवली हायेत!"

"कोणी?" रंजीतानं विचारलं.

"जुन्या ऑफिसवाल्यांनी. कोणी चोरून काही नेऊ नये म्हणून. आता पेन ड्राइव्ह लावून काही भरता येत नाई. सारं नेटवर्कवरूनच बूट करा लागन."

मला समजेल अशा भाषेत त्यानं ते सांगितलं. एका कॉम्प्युटरवर सगळं नीट भरायचं, त्याचा साचा काढायचा, तो साचा सर्व्हर नावाच्या एका मुख्य मशीनवर ठेवायचा. बाकीचे कॉम्प्युटर रिकाम्या पोटी सुरू करायचे. ते केबलीतून सर्व्हरला शोधत जातात आणि साचा आपल्या अंगात उतरवून घेतात. दिवसभर खपून त्यानं केबली ओढल्या, सर्व्हर मांडला, आणि चारच्या सुमारास एक नंबरचा कॉम्प्युटर लावून पाहिला. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली, ठिपके आले, आणि साचा उतरायला लागला. रंजीतानं टाळी वाजवली.

"उद्या साऱ्यांले एकदमच लावू," सुनिल म्हणाला आणि जंगूच्या घरी झोपायला गेला. पाहुणा होता तो, जंगूकडे कोंबडी शिजत होती.

मी मागं राहून झाडलोट केली. केबलींचा गुंता मला पाहवेना, म्हणून नायलॉनच्या दोऱ्यानं सगळ्यांची छान जुडी बांधली. अलमारीला कुलूप लावणार तर दिसलं की एक केबल लोंबते आहे. एक टोक डब्यात, दुसरं हवेत. ती प्रिंटरची होती आणि प्रिंटर अजून आला नव्हता, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

आता धिवराच्या घरात एक रीत आहे. जाळ्याचं विणकाम अर्धं राहिलं तरी चालेल, पण संध्याकाळी दोऱ्याचं टोक मोकळं सोडून उठायचं नाही. कुठंतरी गुंतवायचं, बांधायचं. मोकळ्या टोकातून बरकत गळून जाते. माझ्या बापानं एकदा टोक मोकळं टाकलं, तर सकाळपर्यंत तलावातले झिंगे अर्धे झाले होते. मी स्वतः मोजले आहेत. आणि शेवटची गाठ मारताना ज्याच्या घरचं पोट त्यावर भरणार, त्याचं नाव घ्यायचं.

मी ते लोंबतं टोक उचललं. डब्यात एक भोक रिकामं दिसलं, त्यात खुपसलं. टिक् असा गोड आवाज झाला. मी म्हटलं, "रंजीताच्या नावानं." कुलूप लावलं आणि समाधानानं घरी गेलो.

मंगळवारी सकाळी चोवीस कॉम्प्युटर एकदम सुरू केले. चोवीस काळे पडदे. चोवीस पडद्यांवर ठिपके. एक ठिपका, दोन ठिपके, तीन. मग एक ओळ आली, तिचा अर्थ सुनिलनं सांगितला: उत्तर आलं नाही. मग सगळे थंड.

"होते असं कधी कधी," तो म्हणाला. पुन्हा लावले. पुन्हा थंड.

त्यानं एकेका मशीनच्या पोटातल्या सेटिंगा तपासल्या. काही जुन्या पद्धतीनं बूट होतात, काही नव्या. त्या साऱ्या एकसारख्या केल्या. सर्व्हर बंद करून चालू केला. सर्व्हरचा पहारा, जो बाहेरच्यांना अडवतो, तो काढून पाहिला. केबली अदलाबदल केल्या. सोमवारी चाललेला एक नंबरसुद्धा आता ठिपके मोजत बसला. सुनिल टेबलाखाली उताणा पडून ओरडला, "भाऊ, अलमारी खोलून पाहा जरा, स्विचचे लाइट सुरू हायेत का!"

मी दार उघडलं.

तुम्ही जेठाच्या शेवटी, पाऊस तोंडावर असताना, जंगलातलं काजव्यांचं झाड पाहिलं असेल तर मला वेगळं सांगायला नको. हजार काजवे असतात, पण ते हजार नसतात. सगळे मिळून एकदम पेटतात, एकदम विझतात, जणू झाडच श्वास घेतं. अलमारीत तेच होतं. डब्यावरचे सगळे हिरवे दिवे एका दमात पेटत, एका दमात विझत, इतक्या वेगानं की डोळ्याला मुंग्या याव्यात. माझ्या अंगावर काटा आला. मी हात जोडले की नाही आठवत नाही. जोडले असावेत, कारण हातातलं कुलूप खाली पडलं होतं.

"सुनिलभाऊ," मी म्हणालो, "सुरू हायेत. सारेच्या सारे एकदम नाचून राह्यले. काजव्यांचं झाड हाये हे!"

टेबलाखालून हसू आलं. दारात जंगू उभा होता, तोही हसला. "घ्या! मुखरूच्या अलमारीत आता काजवे निघाले. उद्या वाघ निघन."

"अरे पण पाहा तं येऊन!"

"भाऊ, लाइट सुरू हायेत ना? झालं मंग," सुनिल म्हणाला. "गोष्ट रात्री जेवताना सांगा."

रंजीतानंसुद्धा माझ्याकडं पाहिलं आणि नजर परत पडद्याकडं वळवली. तिला हसू आलं नाही, पण विश्वासही बसला नाही. साठ वर्षं मी लोकांना मरळ खाऊ घातली, त्याचं हे फळ.

दुपारी वीज गेली. सुनिल उठून स्वतः अलमारीशी आला, तेव्हा डबा मेल्यासारखा पडला होता. त्यानं मोबाइलच्या उजेडात आत पाहिलं. नायलॉननं बांधलेली जुडी, प्रत्येक टोक आपापल्या भोकात, कुठं काही लोंबत नाही. "वायरिंग तं मस्त हाये गा," म्हणाला आणि दार लावलं. माझी छाती फुगली. वीज आली, पुन्हा चोवीस कॉम्प्युटर लावले, पुन्हा तेच.

बुधवारी सकाळी त्यानं वेगळी युक्ती केली. सात नंबरच्या कॉम्प्युटरची केबल अलमारीकडं न नेता सरळ सर्व्हरला जोडली. आणि काय सांगू, साचा बिनतक्रार उतरू लागला! म्हणजे कॉम्प्युटर चांगला, सर्व्हर चांगला.

"डब्बाच मेला," सुनिल म्हणाला. "नवा स्विच चंद्रपूरवरून आणा लागन. मी आता निघालो तं उद्या दुपारपर्यंत येतो."

"साहेब अकराले येते," रंजीता म्हणाली.

"मंग असेच एकेक करा लागतीन. पण एकाले दोन तास लागते, बाई. चोवीस हायेत."

रंजीतानं बोटांवर काही मोजलं नाही. ती खुर्चीवर बसली आणि कोरा कागद ओढून साहेबांना पत्र लिहायला लागली: तारीख पुढं ढकलावी ही विनंती. तारीख पुढं ढकलत नसतात, हे वरोऱ्याच्या फाटकानं तिला शिकवलं होतं. तरी ती लिहीत होती. अक्षर सुंदर काढत होती. मला ते पाहवलं नाही. मी सगळे कॉम्प्युटर बंद केले आणि चहा ठेवायला गेलो.

चहा घेऊन आलो तेव्हा सुनिल पायरीवर दप्तर बांधून बसला होता. मी शेजारी टेकलो. म्हटलं, "बापू, मले एक सांग. थे ठिपके काऊन मोजते? काय करून राह्यलं असते थे मशीन तवा?"

पोरगा थकला होता, पण मनानं चांगला. "हे पाहा भाऊ. आपन त्याचं सारं पुसलं ना? म्हणून थो जागा होते तवा त्याच्या पोटात काहीच नसते. त्याले आपलं नाव मालूम नाई, गाव मालूम नाई. थो फक्त एक हाक देते."

"कोणाले?"

"कोणालेच नाई. साऱ्यांले. 'कोणी हाये का? मी कोण हाओ?' बस, एवढंच. मंग सर्व्हर म्हणते, 'मी हाये. तू अकरा नंबर. ये, हे घे.' आन घासघास करून त्याले भरवते. एक ठिपका म्हणजे उत्तराची एक वाट पाहणं."

माझा कप हातात तसाच राहिला. चोवीस जीव, नाव नाही, गाव नाही, अंधारात उभे राहून विचारताहेत, मी कोण? आणि आम्ही त्यांना दोन दिवस 'बिघडले' म्हणत होतो! मी जंगलात उभी हयात काढली आहे. मोहफुलं वेचताना बाया एकमेकींना हाक देतात, चुकलेला माणूस हाक देतो, पण आपलंच नाव विचारायला हाक देणारा मी पाहिला नव्हता.

"मंग थे हाक जाते कुठी?" मी विचारलं.

"डब्ब्यात. डब्बा तिले एका भोकातून घेते आन बाकीच्या साऱ्या भोकांतून सोडते. पल्ल्याड मशीन असते, थे ऐकते. तिथी हाक संपते."

"विरते."

"हौ. विरते."

हाकेचा धर्मच तो. जाते आणि विरते. विरत नसती, तर जंगलात आपल्याला बोलता आलं नसतं; पणज्या-खापरपणज्यांच्या हाका अजून झाडाझाडांतून फिरत राहिल्या असत्या. मी हे मनात म्हणत होतो आणि माझी नजर सहज आत गेली. चोवीस कॉम्प्युटर बंद. पंखे बंद. आणि अलमारीच्या फटीतून हिरवा उजेड धडधडत होता.

"सुनिलभाऊ, सारे मशीन तं बंद हायेत. मंग आत कोण बोलून राह्यलं?"

"कोणी नाई."

"आन पल्ल्याड मशीनच नसली, नुसतं भोकच असलं तं?"

"कोणतं भोक?"

"त्याच डब्ब्याचं. एका भोकातून निघाली, दुसऱ्यातून परत आत गेली. मंग?"

सुनिलचा कप ओठाशी थांबला. "मंग डब्बा तिले नवी हाक समजून पुन्हा साऱ्यांकडे सोडन. थे पुन्हा फिरून येईन. पुन्हा सोडन. थांबणारच नाई. एकीच्या लाख होतीन, आन सर्व्हरले काहीच ऐकू येणार नाई." मग तो हसला. "पण भाऊ, एकाच डब्ब्याचे दोन भोकं एकमेकाले जोडन कोण? असा कोण शहाणा हाये?"

"धिवर असन," मी म्हणालो.

"आँ?"

"टोक लोंबत होतं. सोमवारी. मीच बांधलो."

त्यानं माझ्याकडं पाहिलं, अगदी मरळीची गोष्ट ऐकताना पाहतात तसं. "भाऊ, आता गोष्टी नका सांगू. मले बस पकडाची हाये."

उभ्या आयुष्यात मी एवढा हताश झालो नव्हतो. खरं बोलण्याची मला सवय नाही. कसं बोलायचं, चेहरा कसा ठेवायचा, काही कळेना. मी करदोड्याची चावी तोडून काढली. दोरा तुटला, सत्तर वर्षांत पहिल्यांदा. इंदिराबाई, माझी बायको, नेमकी तेव्हा डबा घेऊन आली होती. करदोडा तुटलेला पाहून तिनं तोंडावर हात ठेवला आणि सुनिलला म्हणाली, "बापू, हे माणूस मेलं तरी करदोडा तोडणार नाई. ऐकून घे याचं."

सुनिल धावला. मी कुलूप काढलं, त्यानं दार उघडलं, आणि तो जागच्या जागी थिजला. दिवे एका श्वासात पेटत होते, एका श्वासात विझत होते. रंजीता पत्र हातात घेऊन मागं येऊन उभी राहिली होती.

"काजव्यांचं झाड," सुनिल हळूच म्हणाला. "भाऊ, तुम्ही काल हेच सांगतलं होतं."

"कालपासून बोंबलून राह्यलो."

"ही काल दुपारची हाक हाये," तो म्हणाला. त्याचा आवाज देवळात बोलल्यासारखा झाला होता. "वीज आली, मंग जे पहिलं मशीन बोललं ना, त्याची. त्या मशीनले आपन कवाच बंद केलं. पण त्याची हाक अजून इथी फिरून राह्यली. 'मी कोण हाओ, मी कोण हाओ.' एका सेकंदात हजार खेपा. मी पुस्तकात वाचलं होतं गा. असं उभं राहून पाहिलं नव्हतं."

आम्ही चौघं त्या डब्यासमोर उभे राहिलो. इंदिराबाईनं पदर डोक्यावर घेतला. मंगळवारची हाक बुधवारी दुपारी, विचारणारा झोपी गेल्यावरही, उत्तर मागत होती. माझ्या सगळ्या गोष्टी मला त्या क्षणी फार लहान वाटल्या. मरळसुद्धा.

सुनिलनं जुडीत बोटं घातली आणि ते टोक शोधलं. उपटणार, तेवढ्यात मी त्याचा हात धरला.

"थांब. माझी गाठ हाये. मीच सोडीन." मग रंजीताकडं वळलो. तिच्याकडं पाहून बोलायला जड गेलं. "बेटा, तुझ्या नावानं बांधलो होतो. तुझं व्हावं म्हणून."

हातातलं पत्र तिनं दोनदा दुमडलं. मग म्हणाली, "माझ्या नावानं बांधले ना भाऊ? मंग सोडताना बी नाव घ्या."

मी नाव घेतलं आणि टोक ओढलं.

दिवे थांबले. एकदम. वावटळ निघून गेल्यावर पान जसं पडून राहतं, तसे. कालपासून फिरणारी ती हाक कुठं गेली कोण जाणे; मला तर वाटलं, माझ्या कानाजवळून कोणी सुस्कारा टाकून गेलं. मग एकच दिवा लुकलुकला आणि विझला. सर्व्हरनं घसा साफ केला असावा.

"लावा एक नंबर," सुनिल म्हणाला.

काळा पडदा. एक ठिपका. दुसरा ठिपका. तिसरा यायच्या आत अक्षरं आली. सुनिलनं वाचून दाखवली. त्याला नाव मिळालं होतं, पत्ता मिळाला होता.

मग रंजीता धावत सुटली. दोन नंबर, तीन नंबर, चार. प्रत्येक बटण तिनंच दाबलं. जंगू कुठूनसा आला, बुधरीबाई आली, बोरं विकणारी कमला आली, बघता बघता खोली भरली. चोवीस पडद्यांवर एक निळी पट्टी उगवली आणि हळूहळू वाढू लागली, चोवीसांवर एकाच मापानं. कोणी पुढं नाही, कोणी मागं नाही. तलावात पाणी चढतं तेव्हा सगळे काठ एकदम भिजतात ना, तसं. अख्खं गाव भिंतीला टेकून पाहत होतं. बुधरीबाईनं हलकेच विचारलं, "आता थे काय म्हणून राह्यले?" जंगूनं तिला गप्प बसवलं. जंगूनं! "चूप रहा. जेवून राह्यले थे."

साडेसहाला चोवीसही पडदे एकदम उजळले. त्यावर हिरव्या डोंगराचं चित्र होतं. आपल्याकडचं जंगल नव्हतं ते, पण चालून गेलं.

गुरुवारी अकराला साहेब आले. मारबते साहेब. उंच, चष्मा, बोलणं कमी. त्यांनी चोवीसही मशीन चालवून पाहिली, घड्याळ लावून पाहिली, मागं वाकून केबली पाहिल्या. रंजीता त्यांच्या मागोमाग फिरत होती आणि मी तिच्या मागोमाग. शेवटी ते अलमारीशी आले. दार उघडलं. आत माझी जुडी, आणि त्यातून बाहेर आलेलं ते एक लोंबतं टोक.

साहेबांचा चेहरा बदलला. "ही वायर मोकळी काऊन ठेवली?" असं म्हणता म्हणता त्यांनी टोक चिमटीत धरलं सुद्धा, आणि दुसरा हात रिकामं भोक चाचपू लागला.

"नको!"

मी, सुनिल आणि रंजीता, तिघं एकाच वेळी ओरडलो. पिंपळावरची वानरं पळाली. साहेबांच्या हातातून टोक सुटलं.

रंजीताचा चेहरा राखेसारखा झाला होता. साहेबांवर ओरडून कोणाला केंद्र मिळालं आहे? मी पुढं झालो. हात जोडून विचारलं, "साहेब, माफी असावी. तुमी कुठचे म्हणायचे?"

"ब्रह्मपुरीकडचा," ते कोड्यात पडून म्हणाले. "का?"

"वडील?"

"तलावावर असायचे." आणि मग त्यांनी आपल्याच चिमटीकडं पाहिलं.

"टोक मोकळं ठेवू नये," मी म्हणालो.

"आई ओरडायची," साहेब म्हणाले. चाळीस वर्षांनी त्यांचा हात त्यांना न विचारता कामाला लागला होता. मी त्यांना सोमवारपासूनचं सगळं सांगितलं, एक शब्द न वाढवता. ऐकता ऐकता ते खुर्चीवर बसले. चष्मा काढून पुसला. सुनिलला विचारलं, "खरंच? एकच हाक? रात्रभर?" सुनिल म्हणाला, "हौ साहेब. मी पाहिली." साहेब पुन्हा उठून अलमारीशी गेले आणि शांत दिव्यांकडं पाहत राहिले.

मग त्यांनी माझ्याकडून नायलॉनचा दोरा मागून घेतला. ते मोकळं टोक अलमारीच्या बिजागरीला बांधलं, भोकापासून हातभर लांब. गाठ अशी मारली की माझा बाप असता तर मान डोलावली असती. गाठ आवळताना ओठ हलले. कोणाचं नाव घेतलं ते मला ऐकू आलं नाही, आणि मी पाण्याखालची मरळ श्वास घेताना ऐकतो.

कागदावर सही करता करता त्यांनी रंजीताला विचारलं, "परीक्षेच्या दिवशी फाटक किती वाजता बंद करणार?"

"नवाले, साहेब. नियम हाये."

"नऊ म्हणजे नऊ."

"हौ," रंजीता म्हणाली. मग माझ्याकडं बोट दाखवलं. "पण या भाऊंले मी पहाटे चारलेच कुऱ्हाड घेऊन रस्त्यावर पाठवणार हाये. झाड पडलं असन तं आधीच हटन."

पहिला पेपर झाला, त्या दिवशी अकरा गावांतली एकशे सात पोरं आली; चोवीस-चोवीसच्या पाळ्या लावाव्या लागल्या. साडेआठच्या आत सगळी फाटकाच्या आत होती. मी चारपासून आठपर्यंत कुऱ्हाड खांद्यावर घेऊन नाल्यापासून हमरस्त्यापर्यंत दोनदा फिरलो. वारा पडलेला. रस्त्यात एक फांदीसुद्धा नव्हती.

गावात मात्र मी सात साग एकट्यानं उचलले असंच सांगतो. इंदिराबाई म्हणते, पाचच सांगा, लोकांना पटेल.